आघातानंतर शरीराकडून सुरुवात : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत नव्हते. भाऊ चालवत होता, मी शेजारी बसले होते. खंबाटकीच्या उतारावर पुढचा ट्रक एकदम आडवा झाला आणि आम्ही कठड्याला घासत घासत थांबलो. खरचटण्यापलीकडे कुणालाच काही झालं नाही. भेटायला आलेले सगळे म्हणाले, वाचलात, देवाची कृपा. मीही तेच म्हणत होते. पण त्यानंतर वर्षभर रिक्षात, एसटीत, कुणाच्याही गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक. साताऱ्याहून पुण्याला उतरेपर्यंत पोटरीत गोळे आलेले असायचे. घरी कुकरची शिट्टी झाली की हातातलं भांडं खाली. समुपदेशकाकडे जाऊन अपघाताची हकीकत मी चार वेळा नीट, क्रमाने सांगितली. हकीकत पाठ झाली, पाय काही ऐकेना.

मग मी शरीराच्या वाटेने जाणाऱ्या उपचाराकडे, म्हणजे घटनेच्या हकीकतीऐवजी शरीरातल्या संवेदनांपासून आघातावर काम करणाऱ्या सोमॅटिक थेरपीकडे वळले. मी थेरपिस्ट नाही. हे सगळं पेशंटच्या खुर्चीवरून लिहिलेलं आहे, आणि पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशाच गोष्टी यात आहेत.

आधी डॉक्टर

धडधड, चक्कर, घाम, झोप उडणं ही आघाताची लक्षणं असू शकतात, तशी थायरॉइडची, रक्त कमी असल्याची किंवा हृदयाचीही असू शकतात. तेव्हा रक्ताची तपासणी आणि गरज असेल तर ईसीजी आधी करून घ्या. छातीत दुखत असताना श्वासाचे व्यायाम करत बसणं हा शहाणपणा नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाची औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवा. गोळ्या सोडा, मग शरीर मोकळं होईल, असं सांगणारा माणूस भेटला तर चप्पल घालून निघा.

काही परिस्थितींत हा उपचार लगेच सुरू करायचा नसतो. जीव द्यावासा वाटतो आहे, कानात आवाज येत आहेत, दारू किंवा गोळ्यांवाचून दिवस जात नाही, अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ. फोनवरून बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि मारहाण करणारा माणूस अजून त्याच घरात असेल, तर तुमचं शरीर घाबरून चूक करत नाहीये. ते बरोबर काम करतंय. तिथे शरीर सैल सोडायला शिकण्याआधी सुरक्षित जागा शोधावी लागते. महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

शरीर नेमकं काय करत असतं

अंधारात दोरी पाहून साप वाटण्याचा दाखला आपल्याकडे वेदान्तवाले शतकानुशतके देत आले आहेत. त्यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ‘अरे, हा साप!’ असा विचार पूर्ण होण्याआधी पाऊल मागे आलेलं असतं. धोका ओळखणारी मेंदूतली यंत्रणा विचार करणाऱ्या भागाची परवानगी घेत बसत नाही. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. लढा किंवा पळा अशी ही तयारी अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे गोठणं. लढता येत नाही, पळताही येत नाही, तेव्हा दातखीळ बसते, आवाज फुटत नाही, हातपाय आपले राहत नाहीत.

या गोठण्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण अनेक जण, विशेषतः बाया, वर्षानुवर्षं स्वतःला एकच प्रश्न विचारत राहतात : मी ओरडले का नाही? ढकललं का नाही? गोठणं हा निर्णय नसतो. शिंक जितकी ठरवून येते, तितकंच तेही ठरवून येतं. माझ्या ओळखीतल्या एकीला फक्त ही एवढी माहिती मिळाल्यावर निम्मं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

अडचण पुढे होते. दोरी कळल्यावर माणूस हसतो, धडधड थांबते, जीव भांड्यात पडतो. आघातानंतर काही जणांच्या बाबतीत हा शेवटचा भाग होतच नाही. घटना संपली, पण शरीराला ‘संपलं’ हा निरोप पोचलेला नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी माणसं घराच्या छताखाली झोपायला तयार होईनात. जमीन स्थिर झाली आहे हे त्यांना समजत नव्हतं असं थोडंच आहे? समजत होतं. पण पाठ जमिनीला टेकली की कान दगडांच्या आवाजाकडे लागत.

इथे एक कुरकुर करून घेते. समाजमाध्यमांवर ‘ट्रॉमा तुमच्या कमरेच्या स्नायूंत साठलेला असतो, हे आसन करा, बाहेर पडेल’ छापाचे व्हिडिओ रोज दिसतात. स्नायूत आठवणीची पुडी बांधून ठेवलेली नसते. स्नायू आवळण्याची सवय मेंदू आणि मज्जासंस्थेला लागलेली असते, आणि सवय एका आसनात बाहेर पडत नाही. ती हळूहळू बदलते. जे लोक ‘बाहेर काढण्याची’ भाषा फार करतात त्यांच्यापासून मी तरी लांब राहते.

थेंब थेंब

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ब्युरेट धरलेला आठवतो? खालच्या फ्लास्कमध्ये एकेक थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा, पुन्हा एक थेंब. घाई केली की एका क्षणात सगळं गडद गुलाबी, आणि मॅडम म्हणणार, ‘पुन्हा करा.’ सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग ही पद्धत रुजवणारे पीटर लिव्हाईन यांनी याच प्रयोगाचं नाव आपल्या कामाला दिलं : टायट्रेशन. भीतीचा एक थेंब, मग थांबणं. पुन्हा एक थेंब.

दुसरी कल्पना झोक्याची. अवघड संवेदनेकडे थोडं जायचं, मग शरीरातल्या बऱ्या जागेकडे परत यायचं. बरी जागा म्हणजे काही दिव्य नाही. माझी बरी जागा डाव्या पायाचा अंगठा होती. उजवा पाय दगडासारखा झालेला असताना डावा अंगठा चपलेत निवांत पडलेला असायचा. थेरपीतल्या पहिल्या महिन्यात आम्ही त्या अंगठ्याकडेच जास्त लक्ष दिलं, आणि मला मनातून वाटत होतं की तासाचे दीड हजार मी अंगठ्यासाठी मोजतेय!

नवख्या माणसाला वाटतं, या उपचारात खूप रडायचं असतं, किंचाळायचं असतं, सगळं ओकून टाकायचं असतं. तसं नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधून सोडतात आणि दोरीचं टोक काकाच्या हातात असतं. पहिल्याच दिवशी तळ गाठायला कुणी सांगत नाही. परत काठाला येता येणं हेच पहिलं कौशल्य.

घरी, पहिले दोन आठवडे

थेरपिस्ट मिळेपर्यंत, किंवा मिळाला तरी, हे घरी करता येतं. एकदम सगळं नको.

*वही.* दिवसातून दोनदा, शक्यतो ठरावीक वेळी, शरीरात काय जाणवतंय ते एका ओळीत लिहा. ‘टेन्शन आहे’ असं लिहायचं नाही. टेन्शन कुठे आहे? जबड्यात? खांद्यात? कसं आहे? गरम, गार, घट्ट, पोकळ, मुंग्या आल्यासारखं, जड? आपल्याला शब्द शोधायला लांब जायचं नाही. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, घसा कोरडा पडतो, अंगावर काटा येतो, कानशिलं तापतात, पायांखालची जमीन सरकते. बोलताना आपण हे सवयीने वापरतो आणि त्यातलं शरीर विसरतो. वहीत ते पुन्हा शब्दशः घ्या. गोळा आहे तर केवढा? लिंबाएवढा की नारळाएवढा? हलतो का? ‘काहीच जाणवत नाही’ हीसुद्धा नोंदच आहे, आणि आघातानंतर ती फार लोकांच्या वहीत येते. बधिर असणं म्हणजे नापास होणं नव्हे.

*नजर फिरवणं.* खुर्चीत बसा आणि खोलीभर नजर सावकाश फिरू द्या. नुसते डोळे नाही, मानही वळू द्या, मागेसुद्धा पाहा. दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे. मग नजर जिथे थांबावीशी वाटेल तिथे थांबू द्या. माझी समोरच्या गॅलरीतल्या तुळशीवर थांबायची. घाबरलेल्या माणसाची नजर एक तर एका जागी खिळते, नाहीतर भिरभिरते. सावकाश पाहिल्याने ‘इथे, आत्ता, धोका नाही’ हे शरीर स्वतः तपासून घेतं. तुम्ही त्याला नुसतं समजावून सांगितलं तर ते विश्वास ठेवत नाही.

*पाय आणि वजन.* तळवे फरशीवर टेकवा. आधी टाचा दाबा, मग चवडे. फरशी गार आहे का? मांड्यांचं वजन खुर्चीवर कुठे पडतं? घरात जुनी गोधडी किंवा वाकळ असेल तर तिची घडी करून मांडीवर ठेवा. महागडी वजनदार ब्लँकेटं विकत घ्यायची काही गरज नाही, आजीने ती सोय आधीच शिवून ठेवली आहे.

*भिंत.* दोन्ही तळहात भिंतीला लावा आणि हळूहळू ढकला. पूर्ण जोर नको, निम्म्याहूनही कमी. दहा आकडे मोजा आणि तितक्याच हळूहळू जोर काढून घ्या. खरी मजा जोर काढताना असते. दंडात काय होतं ते पाहा. ज्यांना त्या वेळी ढकलता आलं नाही, त्यांच्यासाठी ही साधी भिंत फार मोठं काम करते. म्हणूनच ती एकट्याने सलग अर्धा तास ढकलत बसू नये.

*श्वास.* हा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मनगटावर नाडी धरून पाहा : श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित संथ. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा. चार आकडे घेताना, सहा सोडताना, पाच-सात वेळा. भ्रामरीतही गुणगुणण्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि छातीत जी थरथर जाणवते ती बऱ्याच जणांना आवडते. पण कपालभाती, भस्त्रिका असे जोराचे प्रकार आत्ता नकोत. जोरात श्वास आणि धडधड म्हणजे शरीराला पुन्हा तोच प्रसंग आल्यासारखं वाटतं. ज्यांचा आघातच श्वासाशी जोडलेला आहे, म्हणजे बुडणं, गळा दाबला जाणं, ऑक्सिजनवर काढलेले दिवस, त्यांनी श्वासाकडे सुरुवातीला लक्षच देऊ नये. पायांपासून सुरू करावं.

कोणताही प्रकार करताना अंग सुन्न पडायला लागलं, आपण लांबून स्वतःकडे पाहतोय असं वाटलं, किंवा प्रसंग डोळ्यांसमोर चालू झाला, तर थांबायचं. डोळे उघडे ठेवा, उठून उभे राहा, चेहऱ्यावर गार पाणी मारा, मोठ्याने आजची तारीख आणि वार म्हणा, कुणाला तरी फोन लावून भाजीचे भाव विचारा. ‘थोडं सहन केलं की पलीकडे जाईन’ हा हिशेब इथे चालत नाही.

कोणत्या पद्धती आहेत

नावं बरीच ऐकू येतील. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचं वर आलंच. संवेदनांवर लक्ष, थेंब थेंब काम, फार बोलणं नाही. या पद्धतीची एक बरी चाचणी २०१७ मध्ये इस्रायलमधून प्रसिद्ध झाली. पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक विकार) असलेले ६३ जण, १५ आठवडी सेशन्स, आणि प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांपेक्षा उपचार घेतलेल्यांत स्पष्ट सुधारणा. चांगली गोष्ट आहे, पण तुलना प्रतीक्षा यादीशी होती, दुसऱ्या उपचाराशी नाही, हे ध्यानात ठेवावं. प्राणी थरथरून आघात झटकून टाकतात, ही या पद्धतीतली कथा सगळीकडे ऐकाल. ऐकायला छान आहे. मी तिला कथाच समजते.

पॅट ऑगडेन यांची सेन्सरीमोटर सायकोथेरपी हालचालींवर जास्त काम करते : त्या वेळी शरीराला जी हालचाल करायची होती आणि राहून गेली, ती सावकाश पूर्ण करू देणं. माझ्या पायाला तीच लागू पडली.

ईएमडीआर अर्धी शरीराची, अर्धी आठवणीची. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये ही कल्पना सुचली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांमागे डोळे फिरवायचे. तिच्या आठ टप्प्यांपैकी सहावा टप्पा डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासण्याचा असतो. पुराव्याच्या बाबतीत ती या यादीत सगळ्यांत भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यात आघातकेंद्री सीबीटीबरोबर (विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी थेरपी) ईएमडीआर आहे. एकच ठळक घटना असेल, वेळ आणि पैसे कमी असतील, तर मी आधी हिची चौकशी करायला सांगेन.

आता योग. आपल्या घरचा म्हणून आपण तो गृहीत धरतो, आणि तिथेच गफलत होते. अमेरिकेत योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी मानसोपचारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोक यांच्याबरोबर आघातग्रस्तांसाठी वेगळ्या प्रकारचा योगवर्ग बसवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत इतर उपचारांनी फरक न पडलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या, तर आरोग्यशिक्षणाच्या गटातल्या २९ पैकी ६. या वर्गात आसनं साधीच असतात. फरक बोलण्यात आहे. ‘हात वर!’ असा हुकूम नाही, ‘वाटलं तर हात वर नेऊन पाहा’ अशी भाषा. शिक्षक मागून येऊन कंबर दाबत नाही, कुणाला हात लावत नाही. आपल्या सोसायटीतले सर न विचारता पाठ सरळ करतात, आणि ते त्यांच्या परीने प्रेमानेच करतात. पण आघात सोसलेल्या माणसाला तेवढ्यानेही हबकायला होतं.

शवासनाचंही तेच. अंधार केलेल्या खोलीत, उताणं, डोळे मिटून, अनोळखी माणसांमध्ये पडून राहणं काहींना विश्रांती नसते, शिक्षा असते. सरळ सांगा की मी भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसणार. कुशीवर झोपलं तरी चालतं. चांगला शिक्षक कारण विचारणार नाही.

शेवटी नृत्य-हालचालींची थेरपी. कोलकात्याची ‘कोलकाता संवेद’ ही संस्था २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर हे काम करते आहे. बोलायला शब्द नसलेल्यांना, लहान मुलांना आणि ज्यांना खुर्चीत बसून ‘आता काय जाणवतंय’ ऐकून कंटाळा येतो त्यांना हे मानवतं. नाचता यावं लागत नाही.

माणूस निवडताना

पद्धतीपेक्षा माणूस महत्त्वाचा, हे मी एक थेरपिस्ट बदलून शिकले. पहिल्याने पहिल्याच दिवशी न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ‘सोडून द्या’ म्हणाला. मी सोडलं, त्याला.

फोनवरच काही प्रश्न विचारून घ्या. लाजू नका, आपण फ्रीज घेतानाही दहा प्रश्न विचारतो. मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागता येतो. ही विशिष्ट पद्धत कुठे आणि किती काळ शिकलात? सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचं पूर्ण प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं असतं, दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र ते नव्हे. तुमच्या कामावर देखरेख करणारं कुणी वरिष्ठ आहे का? स्पर्श करता का, आणि करत असाल तर कसं विचारता? मला मध्येच त्रास झाला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थांबून, तपशिलात आलं तर माणूस बरा. ‘काही होत नाही हो’ असं आलं तर पुढचा नंबर लावा.

स्पर्शाबद्दल एवढं पक्कं ठेवा : या उपचारात स्पर्श आवश्यक नाही. कपडे काढायची गरज कधीच नसते. आधी हो म्हटलं असेल तरी मध्येच नाही म्हणता येतं. ‘तुमचा विरोध हाच तुमचा आघात आहे’ असं वाक्य ऐकलं तर उठा.

पैशांचं आधी बोलून घ्या, रद्द केलेल्या सेशनचे पैसे लागतात का तेही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांनाही इतर आजारांसारखंच धरायला लावलं आहे, पण भरती न होता घेतलेली थेरपी अनेक पॉलिसींत बसत नाही. पॉलिसी वाचून पाहा, आशा मात्र बेताची ठेवा.

पहिली काही सेशन्स

दुसऱ्या थेरपिस्टच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. ‘कुठली हवी ती घ्या,’ ताई म्हणाल्या. मी दार दिसेल अशी घेतली. मी पिशवीतून रिपोर्ट काढायला लागले तर म्हणाल्या, ‘अपघाताचं आज नको. इथे कशाने आलात?’

‘रिक्षाने.’

‘मग पाय काय म्हणत होता?’

मला हसू आलं. कुणी पायाला विचारलं नव्हतं. त्या तासात आम्ही फक्त रिक्षा, तिची हलणारी सीट आणि माझी पोटरी एवढ्यावर बोललो. दोनदा त्यांनी मला थांबवून खिडकीबाहेर पाहायला सांगितलं. तास संपताना विचारलं, ‘आत्ता घरी जाताना कुणी सोबत आहे?’ पहिलं सेशन असंच सपक वाटू शकतं. सपक वाटणं चांगलं लक्षण आहे.

चौथ्या की पाचव्या वेळी त्यांनी एक घट्ट लोड भिंतीला लावला आणि मला त्यावर उजवा पाय टेकवायला सांगितला. ‘दाबा. पण गोगलगाईच्या चालीने. पायाला त्या दिवशी जे करायचं होतं ते करू दे, फक्त मी म्हणेन तेव्हा थांबायचं.’ मी दाबायला लागले. मांडी थरथरायला लागली, थंडीत दात वाजतात तशी. त्यांनी थांबवलं. खिडकी, कावळा, डावा अंगठा. पुन्हा थोडं दाबलं. असं पाच-सहा वेळा. शेवटच्या खेपेला पाय पूर्ण सरळ झाला, लोड भिंतीला चपटा झाला, आणि मला एकामागून एक जांभया यायला लागल्या. पोटात एवढी गुरगुर झाली की मला ओशाळायला झालं. ताई म्हणाल्या, ‘पचन चालू झालं. छान.’ बाहेर पडून मी दोन वडापाव खाल्ले.

पुढच्या आठवड्यात रिक्षात पाय पुन्हा दाबला गेला. म्हणजे चमत्कार काही झाला नाही. फरक एवढाच की दाबला जाताना मला कळला, आणि कळल्यावर सैल करता आला. तो आपोआप दाबणं थांबायला आठ महिने लागले.

मधले महिने

सेशनच्या दिवशी संध्याकाळी काही ठेवू नका. थकवा, जास्त झोप, विचित्र स्वप्नं, विनाकारण डोळ्यांत पाणी, हे दोन दिवस चालू शकतं. दोन दिवसांहून जास्त टिकलं, रोजची कामं अडायला लागली, झोप पूर्ण गेली, तर मात्र पुढच्या सेशनची वाट न पाहता थेरपिस्टला कळवा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा थेंब मोठा पडला असा असतो. वेग कमी करायचा. सहा-आठ सेशन्सनंतर वही उघडून पहिल्या आठवड्याशी ताडून पाहा. काहीच हललं नसेल तर तसं स्पष्ट बोला, पद्धत बदला, माणूस बदला. कृतज्ञतेपोटी चिकटून राहू नका.

आणि चालत राहा. रोज अर्धा तास, ओळखीच्या रस्त्याने. यात थेरपी कमी आणि सवय जास्त आहे, पण शरीर आपलं आहे ही खात्री चालताना फुकटात मिळते.

घरचे

आई म्हणायची, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, किती धरून ठेवशील?’ तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. मी धरून ठेवलेलं नाही, पायाने धरलंय, हे तिला पटायला वेळ लागला. मग मी समजावणं सोडलं आणि कामं सांगितली. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नकोस. मी गप्प झाले तर ‘काय झालं, काय झालं’ करू नकोस, नुसती शेजारी बस. सेशनवरून आले की काय बोललात ते विचारू नकोस, जेवायला वाढ. कामं सांगितल्यावर घरची माणसं हुशार होतात. मिक्सर लावण्याआधी आई स्वयंपाकघरातून ओरडायला लागली, ‘लावतेय गं!’ हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी सेशन्स पंधरा दिवसांनी झाली, मग महिन्याने, मग ताई म्हणाल्या की आता लागलं तरच फोन करा. एकदम तोडण्यापेक्षा असं अंतर वाढवत थांबणं बरं पडतं. वहीतल्या नोंदी तोवर आपोआप कमी झाल्या होत्या. शेवटची अशी आहे : ‘कुकर. दचकले. खांदे वर गेले, खाली आले. तीन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला.’